न उडालेला पाहुणा

संग्रहालयातल्या पक्षीबाईंनी कात्रीचं टोक लाखेखाली सरकवून दोरा कापला आणि पिशवी टेबलावर उलटी केली. आतला पक्षी लाकडाच्या ठोकळ्यासारखा आवाज करत पडला. बर्फ अजून पुरता सुटला नव्हता. पोटाची पिसं एकमेकांना चिकटून ताठ झाली होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून पालथा ठेवला, लांब चोच सरळ केली आणि कपाटाच्या खणातून काढून ठेवलेला दुसरा पक्षी त्याच्या शेजारी ओढला. हा दुसरा त्यांच्या नोकरीच्याही आधीचा होता. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापसाचेच दोन ठिपके.

"कुठला?" संचालकांनी दारातूनच विचारलं.

"आत तरी या, सर."

"आत येऊन काय उजेड पाडणार मी? मला दोन्ही सारखेच दिसतात. तुम्ही सांगा, कुठला?"

दोन्ही सारखे दिसत होते यात संचालकांचा दोष नव्हता. दोन्ही वुडकॉकच होते. पाणलाव्याच्या कुळातले, पण दलदल सोडून रानात राहायला गेलेले. अंगावर वाळक्या पानांचे सगळे रंग, मातीत खुपसून गांडुळं ओढायला बोटभर चोच, आणि डोळे इतके मागे सरकलेले की मान न वळवता पाठीमागचंही दिसावं. त्यातला एक दर हिवाळ्यात समुद्र ओलांडून बेटावर यायचा आणि थंडी सरली की निघून जायचा. त्याला सगळे पाहुणा म्हणत. दुसरा बेट सोडून कधी गेला नव्हता आणि बेटाबाहेर जगात कुठे सापडतही नव्हता. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, म्हणून तो पाचोळ्या.

पाहुणे जगात कोटींच्या घरात होते. धोक्यातल्या पक्ष्यांची वर्गवारी करणाऱ्यांनी त्यांच्या नावापुढे 'चिंता नाही' असं लिहून टाकलं होतं, आणि मोसमात परवाना काढून त्यांची शिकार करता येत असे. पाचोळे मात्र काही शेकडेच उरले होते. बोटींतून आलेल्या मांजरांनी त्यांची अंडी-पिल्लं खाल्ली, आणि जे वाचले त्यांना आता रस्ता खात होता. संध्याकाळी डांबर उबदार असतं. पाचोळ्या येऊन मधोमध बसायचा आणि गाडी आली की उडायच्या ऐवजी अंग चोरून आणखी घट्ट बसायचा. रानात ह्याच सवयीनं त्याला आजवर तारलं होतं.

म्हणून पक्षीबाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून जंगलातल्या रस्त्यावर पाट्या लावून घेतल्या होत्या, आणि बस डेपोत जाऊन ड्रायव्हर लोकांना शिकवलं होतं. मोजमापं सांगून उपयोग नव्हता. त्यांनी सोपं करून सांगितलं: गाडी जवळ आली की पाहुणा उडतो, पाचोळ्या बसून राहतो. बसून राहिला तर थांबा.

मागच्या बाकावरून एका ड्रायव्हरनं विचारलं होतं, "आणि बाई, आमच्या साहेबांसारखा नुसताच बसून राहिला, उठायचं नावच घेईना, तर?"

सगळा डेपो हसला होता. बाईही हसल्या होत्या.

त्याच ड्रायव्हरची बस मागच्या पंधरवड्यात तिन्हीसांजेला घाटातल्या वळणावरून खाली गेली. तो गेला, आणि त्याच्या मागच्या सीटवर बसलेली म्हातारी सुईण गेली, जिनं निम्म्या गावाची नाळ कापली होती. कंडक्टर वाचला. त्यानं दवाखान्यात सांगितलं की रस्त्यात काहीतरी बसलं होतं, ड्रायव्हर "अरे, ऊठ की" असं म्हणाला आणि त्यानं ब्रेक दाबून गाडी वळवली. रस्ता ओला होता.

गावानं ते दोन प्रकारे ऐकलं. काही म्हणाले, डुलकी लागली असणार, आणि आता पक्ष्याच्या नावावर खपवतायत. ज्यांनी कंडक्टरवर विश्वास ठेवला त्यांनी जंगलातल्या पाट्या उपटून दरीत फेकल्या. संग्रहालयाची दर्शनी काच फुटली. ती कुणी फोडली हे विचारायलाही संचालक बाहेर गेले नाहीत.

बाईंनी पट्टी घेऊन पाय मोजला, मग भिंग डोळ्याजवळ नेलं.

"पाय आखूड आहेत," त्या म्हणाल्या. "डोळ्याभोवती पिसं आहेत. पाचोळ्याची तिथली कातडी उघडी असते, गुलाबी. रंगही ह्याचा उजळ आहे."

"म्हणजे?"

"पाहुणा."

संचालकांनी चौकटीला खांदा टेकवला आणि डोळे मिटले. "सुटलो. मग दुपारी चौकशीत एवढंच सांगायचं. पाहुणा होता, जगात कोटींनी आहेत, आपल्या पक्ष्याचा आणि आपल्या पाट्यांचा काही संबंध नाही."

"संबंध कसा नाही? शिकवलं मी होतं."

"बाई," संचालक आत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या डेपोनं थांबायची सूचना मागे घेतली तर पाचोळ्याचं काय होईल, हे मी तुम्हाला सांगायचं? एका शब्दानं भागतंय. आणि शब्द खोटाही नाही."

शब्द खरोखरच खोटा नव्हता.

"ती माणसं बाहेर बसलीयत," जाताजाता संचालक म्हणाले. "त्यांना कशाला बोलावलंत?"

"त्यांनीच यायचं म्हटलं. आपली माणसं गेल्यावर निदान बघायचा तरी हक्क असतो, सर."

ड्रायव्हरची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ आत आले; आई खालीच थांबली होती. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची; मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग होते, आणि उभी राहतानाही ती हात अंगापासून थोडे लांब धरत होती. धाकटा डेपोत मेकॅनिक होता. अपघाताच्या संध्याकाळी क्रेनबरोबर तोच गेला होता. भावाला स्टिअरिंगमागून त्यानंच ओढून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पुन्हा जाऊन गटार पायानं चाचपत हा पक्षीही त्यानंच शोधला. मग पोलीस, डेपो, वाहतूक कचेरी असं सगळीकडे पिशवी घेऊन फिरला. घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी वाहतूक कचेरीतल्या एकानं वैतागून तिला सील ठोकलं आणि शीतपेटीत टाकली.

"झालं का बघून?" त्यानं विचारलं. त्याच्या दाढीत ग्रीस होतं. "पाचोळ्याच आहे ना?"

"बसा."

"बसत नाही. नुसतं हो म्हणा."

"पाहुणा आहे," बाई म्हणाल्या.

धाकट्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि वाकून एकदा ह्या पक्ष्याकडे, एकदा त्या पक्ष्याकडे पाहिलं. त्याची वहिनी त्याच्या मागून पुढे आली.

"ह्यातला कुठला तो?"

बाईंनी बोटानं दाखवलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी दोघांमधले फरक सांगितले. पाचोळ्या उंच, पाहुणा बुटका. पाचोळ्या मळकट, पाहुणा तांबूस. पाचोळ्याचा पंख रुंद आणि टोकाशी गोल, जेमतेम एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जाण्यापुरता. पाहुण्याचा लांब, टोकदार. बोलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण शाळेच्या सहलीला दाखवतो तसं दाखवतोय, आणि त्या थांबल्या.

"मला तर एकच वाटतात," ती म्हणाली.

"चुलत भाऊ आहेत. वाटणारच."

"मग चुलत म्हणजे घरचाच की!" धाकटा उसळून म्हणाला. "बाई, काय जातं तुमचं? म्हणा पाचोळ्या. तुमच्याशिवाय ह्या गावात कुणाच्या बापाला ह्यातला फरक कळतो? पाचोळ्या म्हटलं की दादानं नियम पाळला. पाहुणा म्हटलं की दादानं त्या म्हातारीला मारलं. लोक तोंडावर बोलतात आईच्या. परवा दुकानात एकीनं तिला रांगेतून पुढे जाऊ दिलं नाही."

"मला तसं म्हणता येणार नाही."

"येत नाही, का म्हणायचं नाही?"

"भाऊजी," वहिनी म्हणाली.

त्याचे हात टेबलावरच राहिले. तिनं पक्ष्याकडे पाहत राहून बाईंना विचारलं,

"मग तो उडाला का नाही?"

बाईंनी वर पाहिलं.

"ते घरी येऊन सांगायचे. तुम्ही शिकवलेलं. उडाला तर पाहुणा, बसला तर पाचोळ्या. आमच्या मुलीला पाठच झालं होतं, ती जेवायला उठली नाही की तिला पाचोळ्या म्हणायचे." ती थोडी थांबली. "कंडक्टर म्हणतो, तो बसूनच होता. त्याला ऊठ म्हणाले हे. मग पाहुणा होता तर उडाला का नाही?"

बाईंनी पक्षी ओढून घेतला. एव्हाना तो बराच मऊ झाला होता आणि त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. त्यांनी डावा पंख धरून हलकेच ओढला. तो पंख्यासारखा उलगडत गेला. उजवा अर्ध्यावरच अडला. बर्फ असेल म्हणून त्यांनी तो तळहातात धरून ऊब दिली, पुन्हा ओढला, आणि आतून काहीतरी करकरलं. त्यांनी दिवा जवळ घेतला. पंखाच्या आतल्या बाजूला पिसं काळी पडून एकमेकांना चिकटली होती. ती बाजूला करत त्यांनी चिमटा आत घातला, थोडा फिरवला आणि बाहेर काढून पांढऱ्या ताटलीवर उघडला. मोहरीपेक्षा थोडा मोठा, करडा गोळा ताटलीत घरंगळला.

"काय आहे?" वहिनीनं विचारलं.

"छर्रा. बंदुकीचा."

धाकट्यानं टेबलावरचे हात उचलले.

"बस लागली असेल पंखाला," तो म्हणाला.

"बस ह्याला शिवलेलीही नाही. बाकी एक हाड मोडलेलं नाही. आणि ही जखम त्या दिवसाची नाही, बरीच आधीची आहे. सुकलेली आहे, कडेनं सडायला लागली होती." बाईंनी पक्षी उताणा केला आणि छातीवर अंगठा टेकवला. "हे हाड बघा कसं वर आलंय, सुरीच्या पात्यासारखं. काही दिवस पोटात अन्न नव्हतं. पंख तुटला म्हणून उडता येत नव्हतं. चालत चालत कडेनं रस्त्यावर आला असणार, आणि त्याच रात्री गटारात उपासानं मेला असणार."

"म्हणजे तो उडूच शकत नव्हता," वहिनी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे ह्यांचं बरोबर होतं. बसून राहिला तर थांबायचं."

"त्यांचं बरोबर होतं."

तिनं डोक्यावरून ओझं उतरवावं तशी मान खाली घातली. तिचे ओठ हलले, पण रडू आलं नाही. धाकटा ताटलीकडे बघत होता. आतापर्यंत जो माणूस खोलीभर होता तो आता कपाटाला पाठ लावून उभा राहिला होता.

"कितीचा आहे?" त्यानं विचारलं.

"काय?"

"छर्रा. किती नंबरचा."

"ते मला नाही कळत," बाई म्हणाल्या.

तो पुढे आला नाही. तिथूनच बघत राहिला. वहिनीनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला. एखादी चादर उलगडता उलगडता मधेच डाग दिसावा, तशी ती थांबली.

"अपघाताआधीच्या रविवारी तुमचा एक सापडला नव्हता," ती म्हणाली.

"वहिनी, रविवारी सगळा डोंगर बंदुकांनी भरलेला असतो."

"असतो."

"परवाना असतो सगळ्यांकडे. कुणाचाही असेल."

"असेल." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही जेवायला आलात तेव्हा सांगत होतात. लागला, पिसं उडाली, पण वळणाच्या वरच्या झाडीत गेला आणि कुत्र्याला मिळाला नाही. हे हसले होते तुम्हाला. म्हणाले, नेम तुझा आणि मेजवानी मांजराची."

धाकट्यानं शर्टाच्या बाहीनं दाढी पुसली, जोरात, जणू त्याला आत्ताच तिथलं ग्रीस जाणवलं.

"आई खाली एकटीच आहे," तो म्हणाला. "बघतो जरा."

जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज अर्ध्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बराच वेळ तो पुढे गेला नाही. मग गेला.

बाईंनी ओल्या टेबलावर फडकं फिरवलं. दोन पक्ष्यांमधली जागा पुसली, पुन्हा पुसली. वहिनी खुर्चीत बसली होती, आल्यापासून पहिल्यांदाच.

"तो वाईट नाही," ती म्हणाली.

"नाही."

"हा पक्षी त्यानंच शोधला. दादानं उगाच नाही वळवली गाडी, हे मी दाखवतो सगळ्यांना, असं म्हणाला. रोज जात होता कचेरीत. मीच म्हणत होते, सोडा आता भाऊजी." तिनं मनगटावरचा एक डाग अंगठ्यानं चोळला. "आईंना दोनच होते."

बाईंनी ताटली पक्ष्यांपासून दूर सरकवली.

"तुम्ही दुपारी काय सांगणार?"

"जे आहे ते. पाहुणा होता. आणि तो उडू शकत नव्हता."

"छर्र्याचं सांगणार?"

"त्याशिवाय कसं सांगू? का उडू शकत नव्हता, हे विचारतीलच. छर्रा सांगितला नाही तर तुमच्या नवऱ्याच्या नावावर ती सुईण कायमची बसेल."

"आणि सांगितला तर?"

बाईंनी फडकं पिळून बेसिनच्या कडेला टाकलं. "छर्रा होता एवढं मला माहीत आहे. कुणाचा, ते मला माहीत नाही."

"तुम्ही इथेच उभ्या होतात. ऐकलंत की आत्ता."

"मी पक्षी बघत होते," बाई म्हणाल्या.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, पदर नीट केला आणि टेबलावरच्या पाहुण्याकडे न बघता दाराकडे गेली. दारात थांबून म्हणाली, "त्याला लपवायला म्हणून नाही विचारलं मी. मला अजून कळत नाहीये, मला काय हवंय ते."

चौकशी डेपोच्या सभागृहात होती, जिथे बाईंनी ड्रायव्हरना शिकवलं होतं तिथेच. खुर्च्या भरल्या होत्या आणि माणसं भिंतीला लागून उभी होती. पुढच्या रांगेत एका बाजूला सुईणीचा मुलगा, मांडीवर हात ठेवून. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरची आई, सून आणि धाकटा. म्हातारीच्या पायात पायमोजे वेगवेगळ्या रंगांचे होते. त्या दिवसापासून ती असंच काहीबाही घालत होती आणि कुणी तिला सांगत नव्हतं.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेला, सर्दीनं हैराण झालेला माणूस होता. त्यानं रुमाल नाकाला लावूनच विचारलं,

"तपासलेला पक्षी कोणता?"

"पाहुणा. बाहेरून येणारा वुडकॉक."

मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हटलं नव्हतं?" संचालकांनी बाईंकडे पाहून किंचित मान हलवली. इथंच थांबा, असं ती मान सांगत होती.

"म्हणजे संरक्षित नव्हे?"

"नाही. जगात भरपूर आहेत. इथे येणारे वर्षागणिक कमी होतायत, पण ज्याच्याबद्दल चिंता नाही असं एकदा ठरलं, त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही."

"तो भाग राहू द्या. तुमच्याच सूचनेप्रमाणे, हा पक्षी गाडी आली की उडून जातो. बरोबर?"

"धडधाकट असला तर."

"म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. पंख, हाड, जुनी जखम, उपाशी पोट. ताटलीतला छर्रा त्यांनी कागदाच्या पुडीत आणला होता; ती पुडी त्यांनी अधिकाऱ्यासमोर ठेवली. सांगताना त्यांनी एकदाही पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही. त्यांना फक्त खुर्चीच्या पायाचा फरशीवर घासल्याचा एक आवाज आला आणि थांबला.

"पण चालकाला थांबायची सूचना होती ती दुसऱ्या पक्ष्यासाठी," अधिकारी म्हणाला.

"चालकाच्या हातात पट्टी नव्हती, साहेब. त्याला एकच खूण सांगितली होती. उठला नाही तर थांब. समोरचा उठला नाही. त्यानं सांगितलं तसं केलं." त्या थांबल्या. "आणि सांगितलं मी होतं. ह्याच खोलीत. ओल्या रस्त्यावर, वळणावर काय करायचं, ते मी सांगितलं नव्हतं. ते मला सुचलंच नाही."

सुईणीच्या मुलानं पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. संचालक आपल्या बुटांकडे बघत होते.

अधिकाऱ्यानं पुडी उघडून छर्रा बघितला आणि पुन्हा मिटली. "पक्ष्याला जखमी करून सोडणारा कोण, काही अंदाज?"

"छर्र्यावर नाव नसतं, साहेब."

"ते आहेच," अधिकारी म्हणाला आणि शिंकला.

चालकाचा दोष दिसत नाही, असं त्यानं शेवटी वाचून दाखवलं. जंगलातल्या रस्त्यावर थांबण्याची सूचना पुढील निर्णयापर्यंत स्थगित. सुईणीचा मुलगा कुणाशी न बोलता उठून गेला. मागची माणसं पांगताना ड्रायव्हरच्या आईजवळून जात होती. एकदोघींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुकानात रांगेतून जाऊ न देणारी तीही त्यांत होती की नाही, हे बाईंना कळायचं कारण नव्हतं. संचालक त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी छत्री उघडून पाहिली, पुन्हा मिटली आणि निघून गेले.

बाई बाहेर आल्या तेव्हा ती तिघं डेपोच्या पायऱ्यांवर होती. बारीक पाऊस लागला होता. धाकट्यानं आईचं कोपर धरलं होतं. दुसऱ्या बाजूला सून होती. म्हातारी दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. खाली एक बस धूर सोडत उभी होती. तिच्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"ज्यानं कुणी तो मुका जीव अर्धा मारून सोडला, त्याचं कधी भलं व्हायचं नाही. हात झडतील त्याचे."

धाकट्यानं तिच्या कोपराखालचा हात काढला नाही. त्याचा चेहरा बाईंना दिसत नव्हता. नुसती मान दिसत होती, आणि कॉलरवर पडणारा पाऊस.

"आई, असं बोलू नये," सून म्हणाली.

"का बोलू नये? माझं पोर गेलं. शाप पण देऊ नको म्हणतेस?" म्हातारीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "तुझा कोण लागतो तो?"

सुनेनं दुसऱ्या बाजूनं तिचा दंड धरला.

"कुणी नाही," ती म्हणाली. "पायरी ओली आहे. बघून उतरा."